वर्तुळ, अंडं आणि 'चालतंय की'

गेल्या शनिवारी उचगावला घरी आलो होतो. आठवडाभर पुण्यात दोन मॉनिटरसमोर बसायचं आणि शुक्रवारी रात्रीची गाडी पकडून पहाटे तावडे हॉटेलपाशी उतरायचं, हा नेहमीचा क्रम. चहा संपतो न संपतो तोच बहीण म्हणाली, "दादा, आमच्या शाळेतला टीव्ही जरा बघतोस का? पोरं वर्तुळाला अंडं म्हणायला लागलीत."

मला वाटलं, गंमत करतेय. गेलो. लोकवर्गणीतून घेतलेला 32 इंची टीव्ही, त्याला एचडीएमआय केबलने जोडलेला जुना लॅपटॉप. पडद्यावर भूमितीचा पाठ. आणि खरंच, ते वर्तुळ नव्हतंच! पट्टी लावून मोजलं: रुंदी 20 सेंटीमीटर, उंची 15. शिवाय पाठाची शेवटची ओळ पडद्याच्या खाली गायब. टीव्ही बसवून गेलेल्या माणसाला फोन लावला तर म्हणाला, "चित्र दिसतंय न्हवं सर? मग चालतंय की!"

नाही चालत. आज त्याच 'चालतंय की'बद्दल लिहायचंय.

झालं होतं ते अगदी साधं. लॅपटॉपचं रिझोल्युशन होतं 1024×768, जुन्या प्रोजेक्टरच्या काळातली सवय. म्हणजे 4:3 चं चित्र. टीव्हीचं पॅनेल 1366×768, म्हणजे 16:9. टीव्हीने ते आडवं ताणलं, वर्तुळाचं अंडं झालं. ज्या पोराला व्यास सगळीकडून सारखा असतो हे पहिल्यांदाच शिकायचंय, त्याच्यासमोर आपण हे ठेवलं.

शेवटची ओळ खाल्ली ती ओव्हरस्कॅनने. जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीत कडा नीट बसत नसत, म्हणून चित्र पडद्यापेक्षा थोडं मोठं काढायची पद्धत होती. नळी गेली, पद्धत राहिली! आजही कितीतरी सपाट टीव्ही पेटीतून बाहेर येतात ते कडा कापूनच. कंपन्यांनी हे मुळात बंद करूनच द्यायला हवं. ते न करता मेनूत कुठेतरी 'जस्ट स्कॅन', कुठे 'स्क्रीन फिट', कुठे 'फुल पिक्सेल' अशी नावं देऊन लपवून ठेवतात. सामान्य माणसाने ओळखायचं कसं?

पण फक्त त्या माणसाला का नावं ठेवा? आपण इंजिनियर लोक काय करतो? फोनवर आईबाबांना सांगतो, "जिथे रेकमेंडेड लिहिलंय ते निवडा." मीही 2020 च्या लॉकडाऊनमध्ये घरच्या 'एचडी रेडी' टीव्हीलाच मॉनिटर केलं होतं. विंडोजने 1920×1080 सुचवलं, मी लावलं आणि महिनाभर डोकं धरून बसलो. टीव्ही 1080 स्वीकारतो म्हणजे 1080 दाखवतो असं नाही, हे मला कळायला हवं होतं. संगणक पाठवतो 20,73,600 ठिपके, पॅनेलवर आहेत 10,49,088. निम्म्या ठिपक्यांत सगळं कोंबायचं. सिनेमात हे लक्षात येत नाही, अक्षरांत येतं. आणि देवनागरीत तर फारच. 'ध' आणि 'घ', 'भ' आणि 'म' यांच्यातला फरक असतो केवढासा? पहिलीच्या पोराचं अख्खं वाचन त्या केवढ्याशावर उभं असतं.

कुणी म्हणेल, "मागच्या बाकावरून दिसावं म्हणून आम्ही रिझोल्युशन कमी करतो." हेतू बरोबर, उपाय चुकीचा. अक्षर मोठं करायला स्केल असतो. रिझोल्युशन पॅनेलचं स्वतःचं ठेवा आणि स्केल 150 टक्के करा. अक्षर मोठं होतं आणि रेखीवही राहतं.

पॅनेलचा खरा आकडा माहितीपुस्तिकेत मिळतो, खोक्यावरच्या चकचकीत स्टिकरवर मिळेलच असं नाही. काही टीव्ही एचडीएमआयवर 1366×768 घेतच नाहीत. तिथे 1280×720 आणि 1920×1080 दोन्ही लावून मराठी मजकूर वाचून बघा, स्वच्छ दिसेल ते ठेवा. इनपुटला 'पीसी' नाव देता येत असेल तर द्या, रंगीत अक्षरांच्या कडा बऱ्याच टीव्हींवर सुधारतात. आणि मोठा आकडा म्हणजे चांगलं, हेही डोक्यातून काढा. 4के टीव्हीला एचडीएमआय 1.4 वाला जुना लॅपटॉप जोडला तर सेकंदाला 30 च चित्रं मिळतात, माउस अडखळतो. तिथे 1920×1080 बरं: एका ठिपक्याचे बरोबर चार होतात, हिशेब चुकत नाही.

"खेड्यातल्या शाळेत टीव्ही आहे हेच खूप" असंही ऐकलं. हे मला सगळ्यात जास्त लागलं. तो टीव्ही कुणी भीक म्हणून दिलेला नाही, गावाने शंभर-दोनशे करून जमवलेल्या पैशांचा आहे. त्यातला निम्मा पडदा वाया घालवायचा हक्क आपल्याला कुणी दिला? दुरुस्तीचा खर्च शून्य रुपये. मला लागली दहा मिनिटं, त्यातली सात रिमोट शोधण्यात गेली :)

नंतर पट्टी पुन्हा लावली. 15 बाय 15. मागच्या बाकावरचा एक पोरगा उठून जवळ आला, स्वतः मोजलं आणि म्हणाला, "आता गोल हाय."

असो. तुम्ही गावी जाल तेव्हा शाळेत एक चक्कर मारा. पट्टी घेऊन जा.