हायब्रीडची अब्रू

मृगाच्या तोंडावर जालन्याच्या बाजारात बियाण्यांच्या दुकानांपुढे जी झुंबड उडते, तीत ‘हायब्रीड’ हा शब्द जितक्या भरवशाने उच्चारला जातो, तितक्याच तुच्छतेने तो सायंकाळी गावच्या पारावर, हल्लीच्या नाजूक पोरांची हजेरी घेताना कामी येतो. आणि यात मला शब्दाचा नव्हे, आपल्या न्यायबुद्धीचा दोष दिसतो.

शब्दाचे कूळ म्हणाल तर बेताचेच. लॅटिनमध्ये पाळीव डुकरीण आणि रानडुक्कर यांच्या पिलाला हे नाव होते; पुढे रोमन बाप आणि परकी आई यांच्या मुलालाही ते चिकटले. इंग्रजीत तो सतराव्या शतकात आला, आणि त्याला खरी प्रतिष्ठा मिळाली ती वनस्पतिशास्त्राच्या दरबारी. आपल्या ‘संकरा’लाही वर्णसंकराच्या धास्तीचा वास आहेच, तेव्हा रोमनांना हसण्याचे कारण नाही.

१९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको ही बियाणे कंपनी स्थापन केली, त्याच वर्षी सीएसएच-१ हा संकरित ज्वारीचा पहिला वाण देशात प्रसृत झाला. १९९८ साली बारवाल्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि ज्या शब्दाने पारावर पोरांचा उद्धार होतो त्याच शब्दावर या शहराची निम्मी ओळख उभी राहिली. हायब्रीड ज्वारीच्या भाकरीला गोडी नाही, ताट बुटके म्हणून कडबा थोडा, आणि पीक लवकर पक्व होत असल्याने कणीस परतीच्या पावसात सापडून दाणा काळा पडतो, ही तक्रार खोटी नव्हे. परंतु टंचाईच्या सालात याच काळ्या दाण्याने कित्येकांच्या चुली पेटत्या ठेवल्या, हे त्याला नावे ठेवणाऱ्यांनीही कबूल केले पाहिजे.

खरा आक्षेप निराळाच आहे. संकरित पिकाचे बी पुन्हा पेरले तर गुण विस्कटतात, एक ताट उंच तर दुसरे खुजे निघते. त्यामुळे ठसठशीत कणसे निवडून, बियाला राख चोळून ते मडक्यात जपणाऱ्या घरच्या म्हातारीचा अधिकार संपला आणि कुणब्याला दरसाल दुकानाची पायरी चढणे प्राप्त झाले. हा दोष मिश्रणाचा नसून परावलंबनाचा आहे, आणि त्याचा जाब पारावरच्या पोरांना विचारून उपयोग नाही. बियाणे उगवलेच नाही, तर तालुक्याच्या कृषी कार्यालयात फिर्याद गुदरताना कामी येतात त्या पक्की पावती, लेबलासकट रिकामी पिशवी आणि बाजूला काढलेले मूठभर बी. पण कित्येक घरांत पेरणी उरकताच पिशवी उकिरड्यावर जाते आणि पावती तर मुळात मागितलेलीच नसते.