तीन आठवड्यांची मुदत

ऑगस्ट उजाडला की आपल्या मंडळातील पाच-सात घरांच्या दिवाणखान्यांत पुठ्ठ्याची खोकी दिसू लागतात, आणि यंदा त्या घरांत प्रस्तुत संपादकाचेही घर आहे. कन्या शिकागोच्या या उपनगरातून अर्बाना-शँपेनच्या विद्यापीठात चालली आहे; अंतर म्हणाल तर 57 क्रमांकाच्या महामार्गाने, दुतर्फा मक्याची शेते पाहत, जेमतेम अडीच तासांचे. सांगली सोडून सातासमुद्रापार आलेल्या माणसाने एवढ्याशा अंतराचे दुःख सांगावे, याचा संकोच वाटतो खरा. अशा प्रसंगी कण्वांचे स्मरण करणे हे मराठी संपादकाचे विहित कर्तव्यच. परंतु शकुंतला काही थँक्सगिव्हिंगच्या सुटीत मळक्या कपड्यांचे गाठोडे घेऊन आश्रमात परतणार नव्हती, सबब तो दाखला मी दप्तरी दाखल करतो.

आपला अंमल संपत आल्याचा पहिला लेखी पुरावा कायद्याने दिला. 1974 च्या संघराज्यीय कायद्यान्वये मूल महाविद्यालयात दाखल होताच त्याच्या शैक्षणिक दप्तरावरील पालकांचा हक्क विद्यार्थ्याकडे जातो. म्हणजे ज्या परीक्षांचे शुल्क मी भरणार, त्यांचे गुण मागण्याचा अधिकार मला नाही. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर ती आजारी पडलीच, तर डॉक्टरांशी बोलताना अडचण नको म्हणून तिच्याकडून मुखत्यारपत्रही लिहून घ्यावे, असा सल्ला जाणकारांनी दिला. गेल्या मंगळवारी स्वयंपाकघराच्या ओट्यावर, शेजारच्या काकूंच्या साक्षीने, तिने त्यावर सही केली. आणि सही करण्यापूर्वी सबंध मजकूर वाचला, जो मी वाचला नव्हता.

अठरा वर्षांत जे राहून गेले ते या तीन आठवड्यांत उरकून टाकावे, कपडे धुण्यापासून रामरक्षेपर्यंत आणि बँकेच्या हिशेबापासून जोडाक्षरांपर्यंत सारे काही तिच्या सामानाबरोबर बांधून द्यावे, अशी जी एक घाई आपणा पालकांच्या अंगात या दिवसांत संचारते, तिला मी आता अव्यापारेषु व्यापार समजतो. यादी मीही केली होती, सतरा कलमांची. माझ्या वडिलांनीही ती आपल्या परीने केली होती: मी देश सोडण्यापूर्वीचे शेवटचे दिवस त्यांनी प्रत्येकी 32 किलोंच्या दोन बॅगा तोलण्यात घालवले, त्यासाठी ओळखीच्या वखारीतला काटा घरी आणवला, आणि त्या काळात ते माझ्याशी जे काही बोलले ते बहुतांशी किलोंतच.

कन्या आइस्क्रीमच्या दुकानातल्या कामावरून रात्री साडेदहाला येते, आणि वार्तापत्राची मुद्रिते तपासण्याच्या मिषाने मी जेवणाच्या टेबलाशी जागा असतो. ती दहीभाताला फोडणी करते. तेल पुरते तापण्याआधीच मोहरी टाकते, ती तडतडत नाही म्हणून वरून हिंग अंमळ सढळ हाताने घालते, आणि मग पातेल्यातूनच, उभ्या-उभ्या, चमच्याने खात दिवसभरातल्या गिऱ्हाइकांच्या हकिकती सांगू लागते: रोज येऊन सगळ्या चवी चाखून शेवटी व्हॅनिलाच घेणारे एक आजोबा त्यांत हमखास असतात. पहिल्या रात्री मी मोहरीविषयी दोन शब्द सुनावले, तो हकिकत तिथेच थांबली. त्यानंतर मोहरीचा विषय मी काढलेला नाही. सतरा कलमांपैकी चौदा अजून शिल्लक आहेत, आणि तशीच राहतील.

यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे सण लांबले आहेत. गणेश चतुर्थी 14 सप्टेंबरला, सोमवारी आहे. म्हणजे आमच्या आरतीत झांज धरणारी व्यक्ती त्या दिवशी वर्गात बसलेली असेल. मंडळाचा उत्सव त्यानंतरच्या शनिवारी ठेवावा, म्हणजे जवळपासच्या विद्यापीठांतील मुलांना येणे सोयीचे होईल, अशी विनंती मी कार्यकारिणीस केली आहे. मुलांना यावेसे वाटते का, हे मात्र मी अजून घरीही विचारलेले नाही.

प्रस्तुत अंक चार दिवस उशिरा निघत आहे, याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. छापखान्याचा यात काडीचाही दोष नाही. मुद्रिते रोज रात्री माझ्याच समोर होती.