नेतृत्व घडते कामातून

नेतृत्व म्हणजे व्यासपीठावरील वक्तृत्व, अशी समजूत रूढ आहे. वस्तुतः ते कामातून घडते. १९५९ मध्ये भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली. सोव्हिएत तज्ज्ञांसमवेत काम करता करताच अनेक भारतीय अभियंते व कामगार ते तंत्र शिकले आणि पुढे कारखान्याची धुरा त्यांनीच सांभाळली.

हेच तत्त्व डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी शिक्षणात आणले. १९८३ मध्ये त्यांनी पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम स्थापन केला. शाळा सुटलेली मुले तेथे बांधकाम, वेल्डिंग, शेती अशी गावाच्या गरजेची कामे करीत शिकू लागली. अशा कामात खर्चाचा अंदाज बांधावा लागतो, कामे वाटून घ्यावी लागतात आणि जोडलेला सांधा निसटला, तर दोष शोधून तो सुधारावा लागतो.

मात्र प्रकल्पातील सारे निर्णय शिक्षकच घेत असतील, तर विद्यार्थी केवळ आज्ञापालन शिकतो. निर्णय व त्याची जबाबदारी त्याच्यावर सोपवली, तरच नेतृत्वगुण विकसित होतात. शाळा सुटली, म्हणून ही पात्रता सुटत नाही.