पास घेतला म्हणजे पास झालो?

आधीच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटची! दहावीनंतर मराठीत एवढं लांबलचक पहिल्यांदाच लिहितेय. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादकांच्या माथी, मतं मात्र माझी.

तर डिसेंबर २०२४ मध्ये सेमिस्टर संपल्यावर आम्ही सहा जण दोन आठवडे टोकियोतल्या एका लॅबमध्ये होतो. शेवटचे तीन दिवस फिरायला मोकळे. निघण्याआधी एका सीनियरने छातीठोकपणे सांगितलं, "जपानला जातेयस ना? मग डोळे मिटून जेआर पास घे." मी खरंच डोळे मिटून घेतला! सात दिवसांचा पास ५०,००० येन, म्हणजे तेव्हाचे साधारण २७ हजार रुपये. आणि पैसे कोणाचे? बाबांनी एफडी मोडली होती.

माझं म्हणणं असं, की हा पास आता डोळे मिटून घेण्यासारखा राहिलेला नाही. सप्टेंबर २०२३ पर्यंत तोच पास २९,६५० येनला होता. टोकियो-क्योतो जाऊन-येऊन केलं तरी जवळजवळ वसूल. ऑक्टोबर २०२३ पासून किंमत एकदम ५०,०००! सल्ला मात्र जुन्याच किमतीचा फिरतोय. आपल्या विंगमध्ये नाही का, तीन वर्षांपूर्वीचं जर्नल फिरतं आणि रीडिंग्जसकट कॉपी होतं? तसंच.

आता गणित बघा. टोकियो ते क्योतो शिंकानसेनचं तिकीट साधारण १४,००० येन. जाऊन-येऊन २८,०००. क्योतोहून नाराला लोकलने जाऊन यायला दीड हजाराच्याही आत. एकूण तीस हजारांच्या आत, आणि मी मोजले पन्नास! वर आणखी गंमत म्हणजे सगळ्यात वेगवान 'नोझोमी' गाडीला पासवरही जादा पैसे पडतात. सात दिवसांत उत्तरेचं होक्काइदो आणि दक्षिणेचं क्युशू दोन्ही पालथं घालणार असाल, तर पास जरूर घ्या. नाहीतर आधी कॅल्क्युलेटर घ्या.

आमच्यातल्या एकीने तो घेतला होता. तिने 'सेइशुन १८' नावाचं तिकीट काढलं. सेइशुन म्हणजे तारुण्य. नावात अठरा असलं तरी वयाची अट नाही, त्यामुळे आपले सरही काढू शकतात! सलग तीन दिवसांचे १०,००० येन, पाच दिवसांचे १२,०५०. हे फक्त सुट्ट्यांच्या मोसमात मिळतं आणि जेआरच्या लोकल व रॅपिड गाड्यांनाच चालतं, शिंकानसेनला नाही.

जाताना मी शिंकानसेनने सव्वादोन तासांत क्योतोला पोचले. ती पोचली रात्री. मी तिला भरपूर हसले. परतताना मात्र मीच तिच्याबरोबर लोकलने आले (पास लोकललाही चालतो). माइबारा, तोयोहाशी, हामामात्सु, आतामी... गाड्या बदलत नऊ-दहा तास! पण शाळेची मुलं डब्यात चढत होती, उतरत होती, एक आजी समोर बसून पेंगत होत्या, आणि फुजी स्टेशनच्या आसपास फुजी पर्वत खिडकीत बराच वेळ सोबतीला होता. खरं सांगू? तीन दिवसांतला तोच प्रवास मला आठवतो.

मग आपण पास का घेतो? माझ्या मते भीतीपोटी. चुकीचं तिकीट निघालं तर? टीसीने धरलं तर? पण तिथे मोठ्या स्टेशनांवर बाहेर पडायच्या गेटजवळ भाड्यातला फरक भरायचं मशीन असतं. पुढे गेलात? तिकीट आत घाला, फरक भरा, चालू लागा. दंड नाही, ओरडा नाही. म्हणजे प्रवासी चुकणार हे तिथल्या रेल्वेने आधीच धरलंय. डिझाइन शिकणाऱ्या आपण लोकांनी हे नीट बघण्यासारखं आहे.

जाता जाता आणखी थोडं. सुइका कार्ड घ्या. टोकियो, क्योतो, ओसाका सगळीकडे चालतं. पण टोकियोत टॅप करून आत शिरलात आणि थेट क्योतोला बाहेर पडायला गेलात तर गेट उघडणार नाही. त्या लांबच्या प्रवासाला वेगळं तिकीट लागतं. लांबी, रुंदी, उंचीची बेरीज १६० सेंटिमीटरपेक्षा जास्त असलेली बॅग क्योतोच्या शिंकानसेनमध्ये न्यायची असेल, तर त्यासाठीची सीट आधी बुक करा. मध्यरात्रीनंतर लवकरच गाड्या बंद होतात, त्या पहाटेच सुरू होतात. आणि डब्यात फोनवर बोलू नका हं! आपल्या लोकलची सवय तिथे चालत नाही.

घरी आल्यावर बाबांनी पहिला प्रश्न विचारला, "काय गं, पास वसूल झाला का?" मी "हो" म्हणून टाकलं. हे मासिक घरी जाणार आहे, त्यामुळे त्यांना आता कळेलच. सॉरी बाबा. पुढच्या वेळी गणित आधी करीन, तिकीट मग.