भागाकाराचा बळी

पेडणे-डिचोलीतील सरकारी मराठी शाळांचा विषय निघाला की एक हिशेब हटकून पुढे केला जातो. एका मुलामागे सरकार एवढा पैसा ओतते, आणि निकाल काय? तेव्हा शाळा एकत्र करा, नाहीतर कुलूप लावा. असा हिशेब मांडणारे बहुधा सुशिक्षित असतात. म्हणूनच त्यांचे गणित तपासणे आम्हांला अगत्याचे वाटते.

दोन शिक्षक, चार इयत्ता आणि चाळीस मुले अशी एक शाळा वाचकांनी डोळ्यांसमोर आणावी. काही वर्षांत मुले दहाच उरली. वेतन तेच, छप्पर तेच. एका मुलामागचा खर्च मात्र चौपट! शाळेत एक रुपया जादा आला नाही, एक पुस्तक वाढले नाही. भाजक घटला, इतकेच. या फुगवट्याला वाढीव खर्च म्हणायचे आणि फळ दिसत नाही म्हणून शाळेला दोषी धरायचे, हा कुठला न्याय?

मुले घटली त्याला घटता जन्मदर कारण आहे, तसे धोरणही आहे. १९९० साली प्राथमिक शाळांचे अनुदान मातृभाषेतील शिक्षणापुरते राखले गेले. २०११ साली ते इंग्रजी शाळांनाही देण्याचा निर्णय झाला. अनुदानित शाळांच्या दारी सरकारी पैशातूनच ‘बालरथ’ आले. वाड्यावरचे मूल त्यात बसून सरकारी शाळेवरून पुढे निघून गेले, आणि मागे राहिलेल्या मुलांच्या नावावर खर्च चढला.

पैशाने काहीच होत नाही, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. १९६१ पूर्वी मराठी शाळा देवळाच्या अग्रशाळेत किंवा कुणाच्या पडवीत, गावच्या वर्गणीवर चालत. ती निष्ठा वंदनीय खरीच. पण किती कष्टकऱ्यांची मुले त्या पडवीबाहेरच राहिली! १९६३ नंतर बांदोडकरांच्या सरकारने गावोगाव शाळा नेल्या, तेव्हा ती आत आली. हा सरकारी तिजोरीचाच प्रताप. जुन्या मास्तरांच्या आठवणींनी गहिवरणाऱ्या आमच्या साहित्यिक मित्रांनी हे विसरू नये.

पैसा कशावर पडतो, हा खरा प्रश्न. इंडोनेशियात प्रमाणित शिक्षकांचे वेतन जवळजवळ दुप्पट केले गेले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मुलांच्या शिकण्यात त्यामुळे काहीच फरक आढळला नाही. उलट मुंबई व बडोद्यात ‘प्रथम’ने वस्तीतल्याच तरुणींना ‘बालसखी’ नेमले. मागे पडलेल्या मुलांना त्या रोज दोन तास वेगळे घेऊन बसत. अल्प मानधनात गुण वाढले. बॅनर्जी, डुफ्लो आदींनी २००७ साली ते आकड्यांनिशी दाखवले.

आपल्याकडे काय चालते? भिंतींना रंग लागतो, उद्घाटनाची कोनशिला बसते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक ठरवले. त्याच कायद्याने त्यांना जनगणनेच्या आणि निवडणुकीच्या कामाला धाडण्याची मुभाही ठेवली. दोघांतला एक गेला की चार इयत्ता एकाच्या गळ्यात. त्या दिवसांचा पगार ‘शिक्षणावरील खर्च’ म्हणूनच नोंदला जातो, हे सांगायला नकोच.

शिक्षण खात्याने यापुढे दरडोई खर्चाचा आकडा जरूर छापावा. पण त्याच्या शेजारी शिक्षक वर्षातून किती दिवस प्रत्यक्ष वर्गात होता आणि चौथीतल्या किती मुलांना धडा वाचता आला, हेही छापावे. तोवर एकाही शाळेच्या कुलुपाला आमची संमती नाही.