ओवी रचणारी बाई निनावी नव्हे



आपल्या अंकातील, अमेरिकन गायिका-गीतकार डॉली पार्टन यांच्या १९७१ सालच्या ‘कोट ऑफ मेनी कलर्स’ या अल्बमवरील लेखाला उत्तर देणाऱ्या पत्रलेखकाचे म्हणणे असे, की स्वतः रचून गाणारी बाई आपल्या खेड्यांत झालीच नाही. त्यांच्या मते जात्यावरच्या ओव्या म्हणजे निनावी लोकगीते. ज्या जिल्ह्यात संत जनाबाईंचे गंगाखेड आहे, तिथून या विधानाला उत्तर जायलाच हवे. जनाबाईंनी दळणकांडणाच्या कष्टातून अभंग रचले आणि त्यांत आपली नाममुद्राही घातली. कवयित्री बहिणाबाई चौधरींना लिहितावाचता येत नव्हते; मुलगा सोपानदेव यांच्यामुळे त्यांच्या रचना टिपल्या गेल्या आणि १९५२ साली पुस्तकरूपाने आल्या. घरात लिहून घेणारे कोणी नसते, तर त्याही आज ‘निनावी’ ठरल्या असत्या.

निम्मी ओवी परंपरेतून आलेली असते, हा आक्षेप खरा आहे. पण अमेरिकेतले ग्रामीण गाणेही जुन्या कथागीतांवर आणि चर्चमधल्या भजनांवरच वाढले. पार्टन यांच्या या अल्बममधल्या दहांपैकी तीन गाणी त्यांचे सहगायक पोर्टर वॅगनर यांची आहेत, तरी तो अल्बम पार्टन यांचाच मानला जातो, आणि ते योग्यच आहे. मग आईने जोडलेल्या पहिल्या ओळीला आपली दुसरी ओळ देणाऱ्या, तीत भावाचे नाव गुंफणाऱ्या बाईचे कर्तृत्व का नाकारायचे? हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या संशोधकांनी लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्या गाणाऱ्या बाईच्या नावागावासकट. आपल्या अंकानेही ओवी छापताना तेवढे करावे.

— एक वाचक, जिंतूर (जि. परभणी)