नुसतं खेळणं

आमच्या मराठवाड्यात "नुसता खेळत असतो" हे वाक्य कौतुक म्हणून कधीच बोललं जात नाही. ती तक्रार असते. पालकसभेत आई बाईंना हेच सांगते, पाहुणे आले की आजोबा हेच सांगतात, आणि लेकरू बिचारं खाली मान घालून ऐकतं. मला या 'नुसतं' शब्दाचा राग आहे आणि आजचा अख्खा लेख त्याच रागातून लिहिलाय. पटलं नाही तर भांडायला जरूर या, पण आधी शेवटपर्यंत वाचा.

नांदेड-लातूरकडे मुलांच्या खेळण्याला दोनच परवानग्या आहेत. एक तर लेकरू इतकं लहान पाहिजे की त्याचा अजून फाउंडेशनचा क्लास सुरू झालेला नाही (ही वयोमर्यादा दरवर्षी खाली सरकतेय, सध्या पाचवी-सहावीवर आलीये). नाहीतर मग त्या खेळातून काहीतरी 'निघालं' पाहिजे. काहीतरी म्हणजे काय? सर्टिफिकेट. राज्य मंडळाच्या दहावी-बारावीला खेळाडूंना वाढीव गुण मिळतात, जास्तीत जास्त २५. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. या दोन आकड्यांनी आमच्याकडे खेळाची व्याख्याच बदलून टाकलीये. "खेळायचं तर स्टेट खेळ, नाहीतर टाइमपास कशाला?" हे मी इतक्या काकांच्या तोंडून ऐकलंय की आता मोजत नाही. याच व्याख्येचं पुढचं फळ म्हणजे बोगस क्रीडा प्रमाणपत्रं. मराठवाड्यातही ती सापडली, अगदी ट्रॅम्पोलिनसारख्या खेळाची. ज्या भागात मुलांनी ट्रॅम्पोलिन बघितलंही नसेल तिथे त्याचे खेळाडू निघाले! खेळातून कागदच काढायचा ठरल्यावर मधला खेळ गाळला तर बिघडलं कुठे, असंच त्या लोकांनीही म्हटलं असणार.

माझा भाचा लातूरला असतो. अकरा वर्षांचा आहे. गेल्या उन्हाळ्यात दाजींनी हौसेने त्याला एका क्रिकेट अ‍ॅकॅडमीत घातलं. पांढरे कपडे, पॅड, हेल्मेट, सगळं नवंकोरं. सकाळी सहाला हजेरी. महिनाभरात पोराच्या वाट्याला किती बॉल आले असतील? ताईने मोजले नाहीत, पण तो स्वतः सांगतो की नेटमध्ये दोन-दोन ओव्हर, त्याही एक दिवसाआड. बाकी वेळ फील्डिंग, तीही नेटच्या मागे. शेवटच्या दिवशी मॅच होती, तीत हा बारावा. पाणी घेऊन गेला. फोटो मात्र सगळ्यांचा निघाला, फी पूर्ण भरलेली होती ना. दिवाळीला मी बॅट काढली तर म्हणाला, "मामा, मी खेळत नाही आता. मला येत नाही."

अकराव्या वर्षी! ज्या वयात आम्हाला खेळ येतो की येत नाही हा प्रश्नच माहीत नव्हता, त्या वयात या पोराचा निकाल लागून गेला. दाजी म्हणाले, बरंच झालं, आता क्लासला वेळ मिळेल.

दाजी वाईट माणूस नाही, हे आधीच सांगतो. त्यांचा हिशोब सरळ आहे. लातूर पॅटर्न त्यांनी डोळ्यांनी बघितलाय. राजर्षी शाहू आणि दयानंद कॉलेजच्या पोरांनी बोर्डाच्या याद्या भरून टाकल्या तेव्हा या भागाला पहिल्यांदा वाटलं, की पुण्या-मुंबईच्या पुढे जाता येतं. दुष्काळ, भूकंप, २०१६ साली मिरजेहून रेल्वेने आणावं लागलेलं पाणी.. या जिल्ह्याला दुसरं काय मिळालंय? मार्कांनी घरं वर आली. मी स्वतः सीईटीच्या मार्कांवर इंजिनिअरिंगला गेलो आणि आज हिंजवडीत बसून हे टायपतोय. त्यामुळे "तू सुटलास म्हणून तुला सुचतंय" हा दाजींचा टोमणा मी गुपचूप झेलतो. पण गणित पूर्ण मांडू या की. २०२४ साली नीटला २३ लाखांहून जास्त मुलं बसली. एमबीबीएसच्या जागा त्या वर्षी देशभरात लाखाच्या थोड्या वर. म्हणजे लातूरच्या उद्योग भवनाच्या मागेपुढे सायकली लावून बसलेल्या पोरांपैकी बहुतेकांना 'नाही' ऐकायचंच आहे. ते ऐकून दुसऱ्या दिवशी उठून कामाला लागायची सवय त्यांना कुठे लागणार? टेस्ट सिरीजमध्ये? तिथे हरलं की रँक भिंतीवर लागतो. आमच्या धंद्यात कोणतंही सॉफ्टवेअर थेट प्रोडक्शनवर टाकत नाहीत, आधी एक टेस्टची जागा असते, जिथे ते पडलं, आपटलं तरी कुणाचं काही जात नाही. मुलांसाठी ती जागा म्हणजे बिनमहत्त्वाची मॅच. आम्ही तीच बंद केली.

आणि गंमत म्हणजे ही जागा आम्हाला परदेशातून आणायची गरज नव्हती. ती आमच्याकडे होती. नांदेडला २००८ च्या गुरु-ता-गद्दीच्या निमित्ताने रस्ते नवे झाले तेव्हा मी शाळेत होतो, आणि आमच्या दृष्टीने तो सगळा खर्च पिच बनवण्यासाठीच झाला होता. त्या गल्ली क्रिकेटचे नियम आठवून बघा. टीम पाडताना बरोबरीची दोन पोरं बाजूला जाऊन गुपचूप नावं ठरवून यायची आणि कॅप्टनला विचारायची, "कमळ का गुलाब?" त्यामुळे दोन्ही बाजू आपोआप सारख्या व्हायच्या. भिडू एक जास्त झाला तर तो 'कॉमन', दोन्हीकडून बॅटिंग. आणि सगळ्यात लहान पोरगं कच्चं लिंबू. (पुण्यातला माझा रूममेट त्याला लिंबूटिंबू म्हणतो, मुंबईवाला दूधभात. यावर आमची एक अख्खी रात्र गेलीये.) कच्चं लिंबू आऊट झालं तरी आऊट नाही, त्याला हळू बॉल टाकायचा, पण खेळायला मात्र घ्यायचंच. घरी पाठवायचं नाही. ही मोठ्या माणसांनी केलेली सोय नव्हती, दहा-बारा वर्षांच्या पोरांनी चालवलेला कायदा होता तो.

आता गंमत बघा. अमेरिकेत १९६४ साली कॅलिफोर्नियात एवायएसओ नावाची मुलांच्या फुटबॉलची संस्था निघाली. तिची पहिली तत्त्वं काय, तर प्रत्येक मूल निदान अर्धी मॅच खेळणार आणि टीम सारख्या ताकदीच्या पाडणार. कमळ का गुलाब, दुसरं काय! माझा आतेभाऊ सनीवेलला असतो, नांदेडच्याच शाळेचा. तो शनिवारी घडीची खुर्ची टाकून मैदानाच्या कडेला बसतो, पोरगी गोलाच्या उलट्या दिशेने पळाली तरी टाळ्या वाजवतो. मी म्हटलं, इथे असतास तर? हसला. म्हणाला, इथे असतो तर विचारलं असतं, याचे मार्क किती. (अमेरिका म्हणजे रामराज्य नाही हेही सांगून टाकतो. तिथेही पोरगं जरा बरं खेळायला लागलं की आईबाप त्याला हजारो डॉलर भरून क्लबच्या निवड टीममध्ये घालतात आणि दर शनिवारी गाडी हाकत बसतात. रोग तोच, फक्त गाडी मोठी.)

"पण स्पर्धा नसेल तर चांगले खेळाडू तयार कसे होणार?" हा प्रश्न हमखास येतो, म्हणून नॉर्वे. तिथल्या क्रीडा महासंघाने १९८७ मध्ये मुलांच्या खेळासाठी हक्क आणि नियम ठरवले, २००७ मध्ये सुधारले. मूल अकराव्या वर्षात येईपर्यंत निकालांची यादी, गुणतक्ता, रँकिंग काही छापायचं नाही. राष्ट्रीय अजिंक्यपद तेराव्या वर्षाच्या आत नाही. आता हा देश खेळात मागे पडला असेल ना? २०१८ आणि २०२२ च्या दोन्ही हिवाळी ऑलिंपिकमध्ये पदकतक्त्यात पहिला. लोकसंख्या पंचावन्न-छप्पन्न लाख. नांदेड आणि लातूर हे दोन जिल्हे मिळून २०११ च्या जनगणनेत ५८ लाख होते! त्यांच्याकडे पैसा आहे, बर्फ आहे, मान्य. पण सहा वर्षांच्या पोरांचा गुणतक्ता न लावायला पैसा लागत नाही.

आणि नॉर्वे लांब वाटत असेल तर शेजारचं बीड घ्या. अविनाश साबळे आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. लहानपणी शाळेला पायी-पळत जायचा, बारावीनंतर सैन्यात गेला, आणि स्पर्धेतल्या धावण्याकडे वळला तो २०१५ च्या सुमारास, विशी ओलांडल्यावर. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई खेळांत स्टीपलचेसचं सुवर्ण. पॅरिसला २०२४ मध्ये ऑलिंपिकची फायनल धावला. याला कुणी सहाव्या वर्षी निवडलं नव्हतं, आणि महत्त्वाचं म्हणजे कुणी सहाव्या वर्षी नाकारलंही नव्हतं.

अर्थात मी 'सगळ्यांना मेडल' पंथाचा नाही. लेकरांना फसवता येत नाही. स्कोअर लिहिला नाही तरी किती झाले ते कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत प्रत्येकाला पाठ असतं, आणि असू द्या. हरल्यावर रडू द्या. स्पर्धा मुलांच्या अंगातच असते. माझा आक्षेप आहे तो मोठ्यांनी त्या स्पर्धेची फाईल उघडण्याला. निवड, यादी, कप, पाहुण्यांचं भाषण, आणि सीमारेषेवरून "अरे बॅट सरळ" असं ओरडणारे वडील. मेडल द्यायचंच नाही ना. कुणालाच नाही. खेळून झाल्यावर एक-एक केळं द्या.

दुसरीकडून गल्लीचे गोडवे गाणारेही मला पूर्ण पटत नाहीत. ज्याची बॅट त्याची पहिली बॅटिंग हा कायदा आमच्याकडे होताच. जरा जाड, जरा बुजरा पोरगा कायम विकेटमागे. आणि मुली? आमच्या गल्लीत सातवीनंतर एकही मुलगी खेळायला नव्हती. ताई माझ्यापेक्षा लांब बॉल मारायची. एका उन्हाळ्यात ती ओट्यावर बसायला लागली आणि तिला कुणी बोलावलं नाही, तिने कुणाला विचारलं नाही. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी ११ ते १७ वयाच्या मुलांचा जगभरचा अभ्यास छापला, तेव्हा दिवसाला तासभरही पुरेशी हालचाल न करणारी मुलं ८१ टक्के निघाली, आणि त्यात मुली मुलांपेक्षा मागे. आमच्या ओट्याचाच तो आकडा. त्यामुळे गल्ली आपोआप परत येईल म्हणून वाट बघण्यात अर्थ नाही. त्या रस्त्यावर आता गाड्या उभ्या आहेत. मोठी मैदानं सभा आणि प्रदर्शनांना दिली जातात. (महसूल आयुक्तालय नांदेडला की लातूरला यावर दोन्ही शहरं वर्षानुवर्षं भांडली, पोरांच्या मैदानासाठी असं भांडण झालेलं मला आठवत नाही.) २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेला खेळाचं मैदान लागतं असं सांगून ठेवलंय, ते रविवारी कुलपात असतं.

म्हणून कुठेही पैसे भरण्याआधी आईवडिलांनी मार्गदर्शकाला सर्टिफिकेटचं विचारू नये. विचारायचं ते हे, की माझं लेकरू सगळ्यात कच्चं निघालं तर तासाभरात त्याला किती वेळ बॉल मिळेल? उत्तर देताना समोरचा माणूस अडखळला तर नमस्कार करून घरी या. टीम कोण पाडतं, रोज बदलते का? विकेटकीपर, गोलकीपर फिरता असतो की एकाच पोराच्या गळ्यात? सातवी-आठवीच्या मुलींना वेळ दिलाय की नुसती परवानगी? एवढं पुरे.

आणि नसेल असं काही आसपास, तर सुरू करायला फार लागत नाही. तुमच्यातले निम्मे लोक माझ्यासारखे दिवाळीला ट्रॅव्हल्सने गावी जाणारे मामा-काका-मावश्या आहात. शाळेच्या संस्थाचालकांशी बोलून रविवारची किल्ली मिळते का बघा, नाहीतर आता दोन्ही शहरांत टर्फ झालेत, दहा-बारा घरांत एका तासाचं भाडं वाटलं तर फार जड नाही. क्लास रविवारी सकाळी नऊला असतो म्हणे, तर साडेसहा ते आठ. एप्रिल-मेच्या उन्हात नाहीतरी आठनंतर कुणी उभं राहत नाही. एक मोठं माणूस, शिट्टी नसलेलं, फक्त पाणी आणि पट्ट्या सांभाळायला. बाकीच्या पालकांनी चहाला जावं.

बॉल टेनिसचा ठेवा, लेदर नको. आणि नावं लिहून घेताना आधी मुलींच्या घरी फोन करा, कारण मुलांची बारा नावं दहा मिनिटांत भरतात.